तो कुत्रा नव्हे, लांडगा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी आपापल्या लहानपणच्या सुपरहिरोच्या आठवणी लिहिल्या, त्या मी दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. एका वाचकांनी वेताळाबद्दल (म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमबद्दल) 'वेताळ आणि त्याचा कुत्रा' असं लिहिलं आहे आणि आपण ते तसंच छापलं आहे. तो कुत्रा नव्हे, लांडगा आहे. ही चूक गोष्टीतली माणसंही करतात, आणि वेताळ समोर पिस्तूल रोखलेलं असलं तरी ती शांतपणे सुधारतो. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत कुणी त्याला कुत्रा म्हटलं असतं, तर त्या पोराला पुढचा अंक वाचायला मिळाला नसता.

आणखी एकांनी वेताळाला 'अलौकिक शक्ती असलेला' म्हटलं आहे. कसली शक्ती? त्याला उडता येत नव्हतं, भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं, गोळी लागली तर रक्त यायचं. एक मुखवटा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख, दोन पिस्तुलं आणि दोन अंगठ्या, एवढ्यावर त्याचा कारभार. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्याची चित्रमालिका सुरू केली, तेव्हा सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. मुखवटा घालणाऱ्या, डोळ्यांत बुबुळं न दिसणाऱ्या पुढच्या कितीतरी नायकांचा हा थोरला भाऊ. त्याला शक्ती नव्हती म्हणूनच तो आम्हाला आवडायचा. आमच्याकडेही नव्हती.

तिसरी तक्रार जरा नाजूक आहे. छापलेली सगळी पत्रं पुरुषांची आहेत. आम्ही मुली तेव्हा काय फक्त सागरगोटे खेळत होतो?

तर आता माझं ऐका. लांबलं तर कापा, पण लांडगा ठेवा.

आमचे अण्णा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहेत' एवढं म्हटलं की पुरतं. कुठल्या प्रेसमध्ये, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आमचं बिऱ्हाड नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये होतं. अण्णा दिवसभर पोस्टाची तिकिटं छापायचे आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन रिकाम्या हाताने घरी यायचे. तिथून कागदाचा कपटासुद्धा बाहेर येत नसे. त्यामुळे छापणाऱ्याच्या घरात छापील वस्तू म्हणजे शाळेची पुस्तकं आणि भिंतीवरचं कॅलेंडर. शेजारच्या गवंड्याच्या घराला गिलावा नव्हता, तशातलाच हा प्रकार.

बहात्तरच्या दुष्काळात आजी आमच्याकडे राहायला आली. सिन्नरच्या पुढे आमचं गाव, तिथल्या विहिरीने तळ दाखवला होता. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना आजी तिला शिव्या घालायची. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, मी दहा वर्षांची होते आणि दादा चौदाचा. आमच्या ओळीतल्या एका मुलाने क्वार्टरच्या ओसरीवर 'लायब्ररी' काढली. दोन खिळ्यांना सुतळी बांधायची आणि तिच्यावर धुणं वाळत घातल्यासारखे इंद्रजाल कॉमिक्सचे अंक टांगायचे. घरी न्यायला दहा पैसे, तिथेच पायरीवर बसून वाचायला पाच. पान दुमडलं तर दंड. मालक सातवीत होता, पण वसुलीला एखाद्या सावकारासारखा.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी सुरू केली होती, तेव्हा अंक साठ पैशांना होता. सुरुवातीचे बत्तीस अंक फक्त वेताळाचे. मग जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. हे सगळं मला फार पुढे कळलं. कुणाच्याही आठवणीत 'मी पहिला अंक वाचला तो दिवस' असं वाचलं की मला शंका येते. पहिला अंक आमच्यापैकी कुणी पाहिला होता? आम्हाला जे मिळालं ते मधूनच मिळालं. सुतळीवर जे लटकलं असेल ते.

माझ्या वाट्याला आलेल्या अंकाला मुखपृष्ठ नव्हतं. शेवटची चार पानंही नव्हती. म्हणून तो कुणी मागत नसे, आणि म्हणूनच तो माझ्या वाट्याला आला. धड अंक दादा वाचायचा. पहिल्याच पानावर लांब चौकटीचा कोट, हॅट आणि काळा चष्मा घातलेला एक माणूस, त्याच्या पायाशी लांडगा. तो एका गुत्त्यात शिरतो. दाढीचे खुंट वाढलेली माणसं वळून बघतात. आणि तो दूध मागतो.

मी तिथेच थांबले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दूध चहापुरतं यायचं, तेही पाणी घालून. आणि आई मला बळेच अर्धा कप पाजायची, त्यावर साय यायची, मला मळमळायचं. इथे हा बाप्या गुत्त्यात जाऊन पैसे मोजून दूध मागत होता. लोक हसले, एकाने अंगावर हात टाकला, पुढच्या चौकटीत तो हात टाकणारा टेबलावरून पलीकडे पडला होता आणि त्याच्या जबड्यावर कवटीची खूण उमटली होती. कधीच न पुसली जाणारी. पाच पैशांत आणखी काय मिळायला हवं?

घरी येऊन सांगितलं, 'आज मी वेताळाचं पुस्तक वाचलं.' तिन्हीसांजेची वेळ होती. आजी दिवा लावत होती. तिने काडी विझवली.

'कुणाचं म्हन्लीस?'

'वेताळाचं.'

'या वक्ताला त्याचं नाव घ्यू नये. काय शिकवत्यात का न्हाई तुमच्या साळंत?'

इथे थोडं थांबून सांगायला हवं. हल्लीच्या मुलांना वेताळ म्हटलं की विक्रमाच्या खांद्यावरचा गोष्टी सांगणारा आठवतो, किंवा पुण्यातली टेकडी. आजीचा वेताळ गावकुसाबाहेर होता. शेंदूर फासलेला एक धोंडा, भोवती लहान धोंड्यांचं रिंगण. तो भुतांचा राजा, अवसेच्या रात्री मशाली घेऊन त्याची स्वारी निघते, तेव्हा वाटेत आडवं जायचं नाही. पण तोच गावाची राखणही करतो. त्याला नारळ फोडायचा, पण घरात बोलवायचं नाही. मूळ इंग्रजीत या नायकाला 'चालतं-फिरतं भूत' म्हणतात, जंगलातले लोक त्याला अमर समजतात, तो कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो आणि वाईट माणसांना रात्री झोप लागू देत नाही. ज्या कुणी मराठीत त्याचं नाव वेताळ ठेवलं, त्याच्या गावालाही असा एखादा धोंडा असणार, असं मला राहून राहून वाटतं. बंगालीत त्याला अरण्यदेव केलं होतं. छान आहे, पण अरण्यदेवाचं नाव तिन्हीसांजेला घेतलं म्हणून कुणाची आजी काडी विझवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, आजीने पुस्तक मागवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी पाच पैसे देऊन अंक पायरीवर धरला आणि आजीला तिथे आणून बसवलं. लायब्ररीच्या मालकाने दोघींचे दहा पैसे मागितले. आजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, पाचावर भागलं. चित्रं पाहून तिचा पहिला शेरा असा होता की याने वरून चड्डी का घातली आहे. (हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांना पुढे पडला, त्यांच्या आधी सिन्नर तालुक्याला पडला होता.) मग मी तिला दादाकडून ऐकलेली हकिगत सांगितली. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं, सगळे मारले, एकजण वाचून किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं. आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की मी आणि माझी मुलं चाचेगिरी, लोभ, क्रूरता यांच्याशी लढू. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख घालतो, म्हणून लोकांना वाटतं की तो मरतच नाही. आताचा एकविसावा.

आजीचा चेहरा एकदम मोकळा झाला. 'म्हंजी गादी हाये म्हन की त्याची!'

मी कित्येक जाडजूड लेख वाचले, पण वेताळाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. फडाची असते, मठाची असते, तशी ही गादी. आमच्या गावचे बुवा गेले तेव्हा त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी वीणा घेऊन उभा होता. आवाज तोच, फेटा तोच, लांबून बघणाऱ्याला फरक कळू नये. आजीसाठी त्यात काही नवल नव्हतं. मात्र तिने लगेच पुढचं विचारलं, 'अन् पोरगीच झाली तं?'

याचं उत्तर दादाकडे नव्हतं. तो म्हणाला, होतच नाही. आजी 'हं' म्हणाली.

त्याच आठवड्यात तो फाटका अंक दादाने पंधरा पैशांना विकत घेतला, कारण मालकालाच तो नकोसा झाला होता. घरात आलेली ती पहिली छापील चैन. रात्री अण्णांनी हातात घेतला. मला वाटलं रागावतील. त्यांनी खुंटीवरच्या पिशवीतून स्वतःचं भिंग काढलं, दिव्याखाली गेले आणि वेताळाच्या पोटावर ते धरलं. म्हणाले, 'इकडे ये. हा कुठला रंग?' मी म्हणाले, जांभळा. 'नीट बघ.' बघितलं तर जांभळा कुठेच नव्हता. निळे ठिपके होते आणि लालसर ठिपके होते. भिंग उचललं की जांभळा, ठेवलं की ठिपके. 'जांभळी शाई नाहीच यात. तो तुझ्या डोळ्यात होतो,' अण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते तिकिटांच्या छपाईबद्दल बोलत राहिले: १९५२ साली कबीर, मीरा, तुलसीदास यांची तिकिटं निघाली, ती नाशिकला फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापलेली पहिली, तेव्हा ते नवखे होते. दिवसभर काय करतात हे त्यांनी मला त्या रात्रीपूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, कुणी विचारलंच नव्हतं.

त्या जांभळ्या रंगाची गंमत पुढे आणखी कळली. ली फॉक यांच्या मनात पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये वेताळ निळा आहे, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. हे वाचलं तेव्हा अण्णांना सांगायला धावत गेले होते. ते म्हणाले, 'ठिपक्यांवर आहे सगळं.'

शेवटची चार पानं नव्हती, त्याचं काय केलं, हे सांगायचं राहिलं. मी दादाच्या मागे लागले. तो म्हणाला, मी हा अंक पूर्ण वाचलाय, सांगतो. आणि त्याने शेवट सांगितला: गुत्त्याचा मालकच चाच्यांचा म्होरक्या निघतो, ढोल वाजतात, गुर्रन आणि त्याचे बुटके लोक विषारी बाण घेऊन येतात, लांडगा खजिन्याच्या पेटीवर बसून राहतो, उठतच नाही. माझी खात्री पटेना म्हणून त्याने ते दुरेघी वहीच्या पानांवर लिहून काढलं आणि आईकडून सुईदोरा घेऊन मागे शिवलं. चित्रं काढता येत नव्हती म्हणून चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि खाली फक्त वाक्यं. मी ती चौकटींतली चित्रं अजूनही बघू शकते.

पुढे मग सगळं रीतसर झालं. अंक रुपयाला झाला. दादा सायकलवर टांग टाकून स्टेशनच्या स्टॉलवरून आणायचा आणि आणताना मुक्तिधामच्या कोपऱ्यावर थांबून आधी स्वतः वाचून घ्यायचा, असा मला दाट संशय आहे. मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात वेताळाचा देश डेंकाली शोधला, आफ्रिकेत, मग आशियात. तो कुठेच नव्हता. नंतर समजलं की मूळ इंग्रजीत त्या देशाचं नाव बंगालच्या जवळ जाणारं होतं आणि चाचे 'सिंग' होते. आपल्या वाचकांना खटकू नये म्हणून इथल्या अंकांत देशाचा डेंकाली झाला आणि चाच्यांचे सिंगा. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घालणारा, डाकूंशी लढणारा आपल्याकडचाच तरुण. दादाने लगेच वेताळ सोडला आणि केशरी कुर्ता शिवून मागितला. मी सोडला नाही.

आजी शहात्तरच्या थंडीत गेली. वेताळाचं लग्न तिला बघायला मिळालं नाही. एक्केचाळीस वर्षं वाट बघायला लावून १९७७ साली त्याने डायना पामरशी लग्न केलं, मॅन्ड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. डायना ही काही गुहेत कण्हत बसणारी नायिका नव्हे, बरं का. पाण्यात सूर मारण्यात पटाईत, आणि संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. लग्नानंतरही तिने नोकरी सोडली नाही. आमच्या ओळीत तेव्हा नोकरी करणाऱ्या बायका दोन, आणि दोघींबद्दल काय काय बोललं जायचं ते मी ऐकलेलं आहे. मला बँकेत चिकटायचं डोक्यात आलं त्याचं सगळं श्रेय मी डायनाला देणार नाही, पण आईला पटवताना तिचं उदाहरण दिलं होतं. आई म्हणाली, 'कोण ही? प्रेसमध्ये आहे का?'

मग त्यांना जुळी झाली. एक मुलगा, एक मुलगी. आजीचा प्रश्न मला त्या दिवशी आठवला. आणि बऱ्याच वर्षांनी कळलं की उत्तर आधीच दिलेलं होतं: सतरावा वेताळ जखमी असताना त्याच्या जुळ्या बहिणीने, ज्यूलीने, तो पोशाख घालून गादी सांभाळली होती. दादा म्हणाला होता, होतच नाही!

इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं, सुमारे आठशे अंक निघाले. पण आमच्या घरात ते चार वर्षं आधीच संपलं होतं, आणि ते माझ्यामुळे. दादा तोवर नोकरीसाठी गुजरातेत गेला होता. त्याचे सगळे अंक दहा-दहाचे गठ्ठे बांधून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेले. शहाऐंशीत माझं लग्न ठरलं. रुखवताचं सामान न्यायला ट्रंक हवी होती. नवीन घ्यायची ऐपत होती, नाही असं नाही, पण आई म्हणाली, घरात असताना कशाला? मी गठ्ठे बाहेर काढले. रद्दीवाल्याने तराजूत एकीकडे वेताळ आणि दुसरीकडे लोखंडी वजनं ठेवली. किती किलो भरले ते सांगत नाही, कारण आजचा भाव काढून वाचक हळहळतील. त्या पैशांत मी हातभर बांगड्या भरल्या. दादा दिवाळीला आला तेव्हा आईने आणि मी ठरवून सांगितलं: वाळवी लागली.

तो काही बोलला नाही. ट्रंक कुठे आहे, असंही विचारलं नाही.

एक अंक मी काढून ठेवला होता. बिनमुखपृष्ठाचा, मागे दुरेघी पानं शिवलेला. तो आजही माझ्याकडे आहे, दोरा पिवळा पडला आहे. आता दादाला सत्तरी खुणावते आहे. येत्या वाढदिवसाला हा अंक त्याला द्यावा असं मनात आहे, पण खऱ्या शेवटासकट. त्याने सांगितलेला शेवट खरा नव्हता, याची मला खात्री आहे, कारण लांडगा पेटीवर बसून राहतो आणि उठतच नाही, हे ली फॉक यांना सुचलेलं नाही, ते दादाचंच.

तेव्हा नाशिक-नाशिकरोड, देवळाली, सिन्नर, निफाड भागातल्या ज्या वाचकांनी मराठी इंद्रजालचे जुने अंक जपले असतील त्यांना आपल्या पत्रातून विनंती करावी. अंकाचा क्रमांक सांगता येत नाही, मुखपृष्ठ मी कधी पाहिलेलं नाही. दुधाचा प्रसंग कितीतरी अंकांत येतो, हे मला माहीत आहे, म्हणून खूण सांगते: हॅट जमिनीवर पडलेली आहे, छताचा दिवा झोका खातो आहे आणि लांडगा टेबलाखाली आहे. १९७३ च्या मे महिन्याच्या आधीचा अंक. मूळ नको, शेवटच्या चार पानांची झेरॉक्स पुरे. खर्च मी देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या कागदावर पाठवला आहे.

नाव मात्र छापू नये. दादा आता इंदिरानगरला राहतो, आपलाच पेपर घेतो, आणि त्याला अजून वाळवीच वाटते आहे.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिकरोड